बाळाला कोण उचलणार

पुएब्ला, १८ नोव्हेंबर २००३

दोन्या हर्मेलिंदा,

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले आणि घर अजून उभं आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. लिंबाला पाणी घालतो. पिंजऱ्यातला कॅनरी खातो, पण गात नाही. परवा ज्वालामुखीने पुन्हा राख उडवली आणि गच्चीवर वाळत घातलेले माझे तिन्ही पांढरे शर्ट करडे झाले. दोन्या आंपारो कोपऱ्यावर तामाले विकत होत्या, त्यांनी ते पाहिले. म्हणाल्या, "अकरा वर्षं झाली सेन्योर हार्लन तुम्हाला इथे येऊन, अजून डोंगराकडे बघून कपडे वाळत घालायला शिकला नाहीत."

मंगळवारी कारमेन बाजारात गेलो. तुमच्या नेहमीच्या मोले-मसालेवालीने विचारलं, "बाई कुठायत?" मी म्हणालो, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे गेल्यात, न्यू जर्सीला, चार महिन्यांनी परत येतील. ती मसाला कागदात बांधत होती, तिचा हात थांबला. म्हणाली, "माझी बहीण पण चार महिन्यांसाठीच गेली होती. सत्त्याण्णव साली." मग मला तिने मूठभर मसाला जास्त घातला, कोणी आजारी असल्यावर घालतात तसा.

गुरुवारी चौकात बॅंड ऐकायला गेलो. आपल्या बाकावर दुसरंच जोडपं बसलं होतं, म्हणून उभ्यानेच ऐकलं. दोन गाणी झाल्यावर घरी आलो.

मी डुलुथ शहरात एकतीस वर्षं घरोघरी फिरून पाण्याचे मीटर वाचले. कुठल्या घरात किती माणसं आहेत हे मला मीटरवरून कळतं. तुमच्या घराचा काटा आता जवळजवळ हलतच नाही. खाली कोणी नाही आणि वरच्या खोलीत मी एकटा. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, आकडा म्हणून लिहितो.

चार महिने म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात येणार ना? फोन नको असं तुम्हीच ठरवलंत, तुमच्या मुलाच्या घरात फोन भिंतीवर आहे आणि सगळं घर त्या भिंतीला टेकून बसलेलं असतं म्हणून. तेव्हा पत्रातच कळवा. हे पत्र इकडचं सामान तिकडे पोचवणारा फिदेन्सियो घेऊन येईल. या खेपेला त्याच्याकडे नऊ किलो मोले, चार डझन तोस्तादा आणि कुणाच्या तरी लग्नाचे बूट आहेत, त्यामुळे पत्राला वास येईल. बुटांचा नसावा एवढीच इच्छा.

हार्लन


पसेइक, २ डिसेंबर

सेन्योर हार्लन,

कॅनरी गात नाही कारण तुम्ही त्याच्याशी बोलत नाही. मला ठाऊक आहे, तुम्ही पाणी बदलता, दाणे टाकता आणि सरकारी माणसासारखे निघून जाता. सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढताना त्याला शिव्या द्या. त्याला माझ्या शिव्यांची सवय आहे.

ऑपरेशन झालं. गुडघ्यात आता लोखंड आहे, डॉक्टर म्हणतो वीस वर्षं टिकेल. मी त्याला म्हटलं, मग उरलेली दहा वर्षं कोणाला देऊ? नासारियोने त्याला इंग्रजीत काहीतरी वेगळंच सांगितलं, कारण डॉक्टर हसला नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली लॉंड्री. दिवसभर जमीन थरथरते. सून, यादिरा, चांगली मुलगी आहे. मला चमचासुद्धा उचलू देत नाही, आणि त्याचाच मला वीट आलाय. नासारियो पहाटे बेकरीत जातो, दुपारी येऊन माझ्या पायाला उशी लावतो. असा मुलगा नशिबाने मिळतो, हे मला कळतं. तरी खिडकीशी बसलं की मला आपल्या गल्लीतला गॅसवाल्याचा भोंगा ऐकू येतो. इथे गॅस नळातून येतो. कोणी ओरडत येत नाही.

तुम्ही बाहेर जाल तेव्हा नीट सविस्तर लिहा. "बाजारात गेलो" हे काय लिहिणं झालं? कुठल्या फुटपाथने गेलात, सावलीच्या की उन्हाच्या? ऑपरेशनपासून मी एकटीने एक पाऊल बाहेर टाकलेलं नाही. तुमच्याच पायांनी फिरते आहे, तेव्हा जरा बरे रस्ते निवडा.

आता एक लहानसं काम. चोवीस तारखेला संध्याकाळी बाळ येशूच्या मूर्तीला घरात मांडलेल्या गोठ्यात निजवायचं असतं. गेली तीन वर्षं माझी चुलतबहीण निजवायची, तिची तीन वर्षं झाली. यंदा तुम्ही निजवा. बाळ माझ्या कपाटात वरच्या खणात आहे, निळ्या शालीत. माझ्या आजीचं आहे ते. डाव्या पायाचा अंगठा नाही, तो मी दोन वर्षांची असताना चावून तोडला, असं म्हणतात. शालीत ठेवून दोघांनी टोकं धरून झुलवायचं, शेजारणी अंगाई म्हणतील, सगळे त्याचा पापा घेतील, मग तुम्ही त्याला गोठ्यात ठेवायचं आणि सगळ्यांच्या हातावर शेंगदाणे नि गोळ्या द्यायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे. झाडाला पाणी घालण्याइतकं. बाकीचं आंपारोला विचारू नका, ती प्रत्येक गोष्ट वाढवून सांगते.

हर्मेलिंदा


पुएब्ला, २७ डिसेंबर

दोन्या हर्मेलिंदा,

बाळाला निजवलं. झाडाला पाणी घालण्याइतकं ते नव्हतं.

मला वाटलं होतं चार-पाच शेजारणी येतील. एकोणीस माणसं आली, त्यातली सहा मी आयुष्यात पाहिली नव्हती. शालीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं दोन्या आंपारोंच्या. मला अंगाई येत नाही हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "ओठ हलवा नुसते, देवाला तेवढं पुरतं." मी ओठ हलवले. मूर्ती हलकी असेल असं वाटलं होतं, पण झुलवताना हात भरून आले. माझी मुलगी जन्मली तेव्हा मी बर्फात अडकलेल्या गाडीत होतो, मला ती चौथ्या दिवशी हातात मिळाली. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. का सांगतोय ठाऊक नाही.

नंतर सगळ्यांनी मला एकेक करून मिठी मारली आणि "धर्मबाप, अभिनंदन" म्हणाले. त्या संध्याकाळपुरतं नाव असावं. छान वाटलं. सकाळी पाववाल्यानेही "काय धर्मबाप" अशी हाक मारली. दोन्या आंपारो म्हणतात, निजवलं त्यानेच दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी, बाळाला उचलायचं, नवे कपडे घालायचे आणि चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायचं. तेही करतो. अर्ध्या तासाचंच ना?

फुटपाथचं विचारलंत. काल उन्हाच्या बाजूने गेलो, कारण सावलीत गारठा होता. आपल्या आनाल्को वस्तीच्या बागेपाशी बूटपॉलिशवाल्याकडे बसलो. त्याने तुमचा गुडघा विचारला, मग बॅंडवाल्यांच्या नव्या ट्रम्पेटवाल्याला नावं ठेवली. पुलापाशी एक बाई उकडलेली कणसं विकते, तिने नातवाच्या फोटोला चौकट केलीय आणि ती गाडीवर मिरचीपुडीच्या डब्याशेजारी लावलीय. गुरुवारी आपला बाक रिकामा होता. मी तुमच्या बाजूला पिशवी ठेवली.

आणखी एक. सोमवारी एक माणूस टेप घेऊन आला, म्हणाला नासारियोने पाठवलंय. त्याने अंगण मोजलं, गल्लीकडची भिंत मोजली, माझ्या खोलीचीही लांबी-रुंदी घेतली. मी काही विचारलं नाही. सांगण्यासारखं असतं तर तुम्हीच सांगितलं असतं.

हार्लन


पसेइक, ९ जानेवारी

सेन्योर हार्लन,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा यादिराकडून वाचून घेतलं, ओठ हलवण्याच्या जागी ती इतकी हसली की तिला दूध उतू गेलेलं कळलं नाही. मुलीचं लिहिलंत ते मी तिला वाचू दिलं नाही. ते माझ्यापाशी आहे.

तो टेपवाला छपराचं काम बघायला आला होता. पावसाळ्याआधी छप्पर करायचं आहे. त्यात विचारण्यासारखं काही नाही.

बाळाच्या कपड्यांचं ऐका. चर्चच्या मागच्या गल्लीत जानेवारीभर दुकानं लागतात. बाळाला बरोबर न्या, नुसतं माप नेऊ नका, नुसत्या मापाने काखेत घट्ट होतं. मोजे आणि पादत्राणं घ्या, म्हणजे अंगठा दिसणार नाही. पांढरंच घ्या. एखादी बाई तुम्हाला डॉक्टरचा कोट नाहीतर फुटबॉलचा सदरा गळ्यात मारेल, तिचं ऐकू नका. बाळाला बसायला खुर्ची आहे, स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे.

पिशवी माझ्या बाजूला ठेवलीत. बरं केलंत.

इथे रविवारी मला चर्चमध्ये मिस्साला नेतात. एका बाजूने नासारियो धरतो, दुसऱ्या बाजूने यादिरा, मधे मी, पोलिसांनी धरून आणल्यासारखी. पुजारी आपल्याकडचा, अत्लिक्स्कोचा आहे. मिस्सा झाल्यावर त्याने विचारलं, "कधी परत जाणार, दोन्या?" मी उत्तर द्यायच्या आत नासारियो म्हणाला, "आता इथेच." बाहेर बर्फ होता, आधी पावलांकडे बघावं लागलं.

हर्मेलिंदा


पुएब्ला, २० जानेवारी

दोन्या हर्मेलिंदा,

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही, तेव्हा बसून वाचा.

शनिवारी बाळाला शालीत गुंडाळून कपड्यांच्या गल्लीत निघालो. कॉम्बी व्हॅनच्या गर्दीत उभा होतो. एका बाईचं लक्ष शालीकडे गेलं, तिने छातीवर क्रूस काढला आणि मला जागा दिली. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, मला कोणी अकरा वर्षांत कधी जागा दिली नव्हती. बाळासाठी दिली. मी दिमाखात बसलो.

दुकानदारीण तुमच्याच वयाची होती, तोंडात टाचण्या धरून बोलणारी. तिने बाळाला काउंटरवर आडवं घेतलं, सुईणीसारखं मापलं, अंगठ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. "पहिलं वर्ष ना? मग पांढरं. पुढच्या वर्षी या, वेगळं दाखवते. तिसऱ्या वर्षी मुकुट आणि झगा."

मी म्हणालो, पुढच्या वर्षी दुसरं कोणी येईल.

तिने टाचण्या तोंडातून काढल्या. "दुसरं कोणी कसं येईल? निजवलं कोणी?"

"मी."

"मग तीन वर्षं तुम्हीच. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "बिचारे." दुसरी म्हणाली, "बिचारे कशाने? भाग्य लागतं." त्या दोघींचं जुंपलं आणि मी पांढरं झबलं घेऊन बाहेर पडलो.

दोन्या हर्मेलिंदा, अकरा वर्षं मी दर महिन्याला एकेका महिन्यासाठी तुमच्या घरात राहतो. माझी बायको रूथ वारल्यापासून मी कोणाला महिन्यापलीकडचा शब्द दिलेला नाही. या वयाच्या माणसाने देऊ नये असं मला वाटतं. तुम्ही हे जाणता.

आणि छपराचं म्हणाल तर तो टेपवाला गेल्या बुधवारी परत आला, बरोबर एक जोडपं होतं. त्या बाईने माझ्या खोलीत उभं राहून नवऱ्याला सांगितलं की इथे लहान मुलाचा पलंग मावेल. छप्पर दुरुस्त करणारे पलंग मोजत नाहीत. तुम्ही घर विकताय. तुमचं घर आहे, तुमचा मुलगा आहे, तुमचा गुडघा आहे, मला राग नाही. पण मला सांगायला हवं होतं. मी बहीण अ‍ॅस्ट्रिडला फोन करून डुलुथमधली तिची मागची खोली मागून घेतली. मार्चमध्ये जाईन.

तेव्हा बाळाला मी उचलू शकत नाही. दोन्या आंपारोंचा भाचा उलिसेस तयार आहे. टॅक्सी चालवतो, एकतीस वर्षांचा आहे, तीन वर्षं त्याला काहीच नाहीत. मला मोकळं करा.

हार्लन


पसेइक, २८ जानेवारी

सेन्योर हार्लन,

फिदेन्सियोचा मेहुणा आज रात्रीच्या विमानाने निघतोय, त्याला थांबवून घाईत लिहिते. त्याला सांगितलंय, दोन तारखेच्या आत हे तुमच्याच हातात द्यायचं.

हो, घर विकायचं ठरलंय. म्हणजे त्यांनी ठरवलं आणि मी मान हलवली. सप्टेंबरात नासारियो आला होता तेव्हाच त्याने विषय काढला होता, आणि ऑपरेशननंतर पक्कं झालं. माझा पाय त्याच्या स्टुलावर, त्याने केलेला पाव माझ्या तोंडात, समोर तो, पहाटे तीनला उठून लाल झालेले डोळे. म्हणाला, "आई, तू तिकडे पडलीस तर मला कळायला आठवडा लागेल." कसं नाही म्हणू? स्वतःसाठी मला त्याला नाही म्हणता येत नाही. लहानपणी त्याने गोळी मागितली तरी यायचं नाही. तुम्हाला कळवायला लाज वाटली, म्हणून छपराची थाप मारली. ती वाईट थाप होती. माफ करा.

आता दुसरं. तीन वर्षांचं मला ठाऊक होतं. इथल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. तुम्हाला ठाऊक नाही हेही मला ठाऊक होतं, अकरा वर्षं तुम्ही नाताळात शेंगदाणे घेऊन वर निघून जाता. मी मुद्दाम सांगितलं नाही.

कारण असं. ज्या घरी बाळ असतं त्या घराला धर्मबापासाठी दार उघडं ठेवावं लागतं. दर कांदेलारियाला त्याला मोलेचं जेवण वाढावं लागतं, घरच्या बाईने, स्वतःच्या हाताने. बाळाला ज्याने निजवलं तो त्या बाईचा कोंपाद्रे होतो आणि ती त्याची कोमाद्रे. ते नातं सख्ख्या भावाच्या नात्याहून मोडायला कठीण. नासारियो इथे आला तरी पोर आनाल्कोचंच आहे. आईला तो घरातून उठवू शकतो. आईच्या कोंपाद्रेला बाळासकट रस्त्यावर उभं करायची त्याची छाती नाही. मला स्वतःसाठी नाही म्हणता येत नाही, तुमच्यासाठी म्हणता येईल.

पण अर्धवट निजवून चालत नाही, उचलावंही तुम्हीच लागतं. मी त्याला अजून काही बोललेले नाही. तुम्ही उचललंत तर बोलेन. उलिसेसने उचललं तर मी गप्प राहीन, मार्चमध्ये कागदांवर सही करीन, आणि तुम्ही डुलुथला जा. उलिसेस हे नीटच करील, पण आंपारोचा भाचा म्हणजे घरचाच, त्याला नासारियो एका बिअरमध्ये पटवील.

मी तुम्हाला फसवलं हे खरं आहे. रागवायचं असेल तर रागवा. पण मला घरी यायचं आहे, सेन्योर हार्लन. हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही.

हर्मेलिंदा


पुएब्ला, ३ फेब्रुवारी

दोन्या हर्मेलिंदा,

तुमचं पत्र एकतीसला मिळालं आणि दोन दिवस मी रागावलो. नीट रागावलो. पहिल्या दिवशी पार किल्ल्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो, सावलीच्या बाजूने, मुद्दाम, तुम्हाला थंडी वाजावी म्हणून. कॅनरीला तुमच्या नावाने शिव्या दिल्या. तो गायला लागला.

एकतीस वर्षं मी लोकांच्या दारापर्यंत गेलो, आकडा लिहिला आणि पुढच्या दाराकडे वळलो. माझा स्वभावच तसा झाला. तुम्ही एकाएकी मला दाराच्या आत ओढून कडी लावलीत. माणसाला विचारतात तरी.

काल सकाळी ठरलं होतं ते असं. मी बाळाला कपडे घालून चर्चपर्यंत न्यायचं, उलिसेस टॅक्सी लावून दहा वाजता दारात येणार, तिथे मी त्याच्या हातात द्यायचं. झबलं काखेत घट्ट नाही. मोजे घातले. खुर्ची दोन्या आंपारोंनी घेतली आणि वाटभर माझ्याशी बोलल्या नाहीत, म्हणजे बघा.

चर्चसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे बघावं तिकडे बाळं, टोपल्यांत, खुर्च्यांवर, लोकांच्या खांद्यांवर. माझ्या शेजारी एक म्हातारा होता, नव्वदच्या घरातला, त्याच्या बाळाला डॉक्टरचा कोट होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "पहिलं?" मी हो म्हणालो. म्हणाला, "माझं तिसरं. आज सुटलो." मी म्हणालो, आता आराम. तो म्हणाला, "कसला आराम? पुतणी दारातच थांबलीय, पुढच्या नाताळापासून तिचं." आणि वैतागल्यासारखं डोकं हलवलं. पण तो वैतागलेला नव्हता. त्याने सकाळीच दाढी केलेली होती आणि गळ्यात रुमाल बांधला होता.

तेवढ्यात पुजारी पाणी शिंपडत बाहेर आला. आणि मला गर्दीच्या पलीकडे उलिसेस दिसला. टाचा उंचावून तो मला शोधत होता. आनाल्कोत माझ्याहून उंच माणूस नाही, मला शोधायला वेळ लागत नाही.

मी वाकलो.

बाळाला छातीशी धरलं आणि गुडघ्यात वाकून त्या म्हाताऱ्याच्या मागे दडलो, पाणी आमच्यावर पडेपर्यंत. कपाळावर पडलं, बाळाच्याही आणि माझ्याही. दोन्या आंपारोंनी पाहिलं. त्या रडायला लागल्या आणि रडता रडता मला दंडावर एक सणसणीत चापट मारली. उलिसेस नंतर भेटला. म्हणाला, "अहो, मी इथेच होतो, दिसलो नाही का?" मी म्हणालो, गर्दी फार होती.

सगळे तामाले खायला तुमच्या अंगणात आले. मोले दोन्या आंपारोंनी वाढलं. चांगलं होतं. पण ते घरच्या बाईने वाढायचं असतं, असं तुम्हीच लिहिलंय.

तुमच्यापुरतं काम मी केलंय. डुलुथचं अजून ठरवलेलं नाही. आता तुम्ही बोला.

हार्लन


पसेइक, १४ फेब्रुवारी

सेन्योर हार्लन,

पत्र फिदेन्सियोने मला दिलं तेव्हा नासारियो समोरच होता. मी त्यालाच म्हटलं, माझा चष्मा आत आहे, तूच वाच. चष्मा माझ्या खिशात होता. आता मी लबाड आहे हे तुम्हाला कळलंच आहे.

तो मोठ्याने वाचायला लागला. रागाचं वाचलं, मीटरचं वाचलं, म्हाताऱ्याचं वाचलं. "मी वाकलो"पाशी थांबला.

"आई, हे काय चाललंय?"

"सेन्योर हार्लननी बाळाला निजवलं आणि उचललं. तीन वर्षं."

"तो गोरा माणूस आहे, आई. त्याला काय कळतंय तीन वर्षांचं?"

"कळतं म्हणून तर वाकला."

तो हसला. हसायचं नव्हतं त्याला, पण तुमची उंची त्याला ठाऊक आहे. मग कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, "तूच सांगितलंस त्याला निजवायला. विकायचं ठरलंय हे ठाऊक असून."

"हो."

"मला सरळ सांगायचं होतंस, मला इथे राहायचं नाही म्हणून."

तेव्हा मी सांगितलं. पहिल्यांदा तोंडाने बोलले. म्हटलं, नासारियो, तू मला सोन्यासारखं ठेवलंयस आणि मला घरी जायचंय. यादिरा चुलीपाशी उभी होती, ती वळलीसुद्धा नाही, तशीच म्हणाली, "मी कधीची वाट बघत होते तुम्ही केव्हा बोलताय याची." घ्या. मी समजत होते माझ्या पोटातलं कोणाला दिसत नाही.

तो जॅकेट घालून खाली गेला. लॉंड्रीसमोर येरझाऱ्या घालताना मला खिडकीतून दिसत होता. वर आला तेव्हा नाक लाल होतं. म्हणाला, "धर्मबापाला मोले कोण वाढणार, दारावर कुलूप लावून? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मग भिंतीवरचा फोन घेतला आणि त्या टेपवाल्याला सांगितलं, तीन वर्षांनी बघू. माझ्या समोर सांगितलं, शब्द न् शब्द. अटी त्याच्या आहेत. माझी खोली स्वयंपाकघराशेजारी आणायची, न्हाणीघराला दांडा बसवायचा, आणि रोज सकाळी मी उठले की आंपारोने त्याला एक मिस्ड कॉल द्यायचा. सगळ्याला हो म्हटलं. रडला थोडा. मीही रडले. तीन वर्षांनी पुन्हा हेच होणार हे आम्हा दोघांना कळतं. पण तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं असतात.

४ मार्चला येते, गुरुवारी. डॉक्टर म्हणतो काठी घेऊन चाला.

आता तुमचं. मी माझ्या मुलाशी खरं बोलले, तेव्हा तुमच्याशीही बोलते. तुम्ही डुलुथला गेलात तरी मी घरी येणारच, ते आता ठरलं. तुम्ही वाकलात तेवढ्यात माझं काम झालं. म्हणून आता हे माझ्यासाठी मागत नाही आणि फसवूनही नाही, सरळ विचारते, जे आधी विचारायला हवं होतं. राहाल का? तीन वर्षं?

हर्मेलिंदा


पुएब्ला, २३ फेब्रुवारी

कोमाद्रे,

दांडा बसवला. उलिसेसने भिंतीला भोकं पाडली आणि मी पातळी बघितली. तुमचा पलंग स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत हलवलाय. दोन्या आंपारोंच्या मते खिडकीकडे डोकं हवं, माझ्या मते भिंतीकडे, आल्यावर तुम्ही दोघींनी ठरवा. गुरुवारी चार वाजता बस स्टॅंडवर येतो. बॅंड सहाला असतो, दमला नसाल तर वाटेत उतरू, दमला असाल तर पुढच्या गुरुवारी.

तुमचं पत्र वाचून मी लगेच बसलो नाही लिहायला. बाहेर पडलो. उन्हाच्या बाजूने चौकापर्यंत गेलो, बूट पॉलिश करून घेतले, कणीस खाल्लं, परत आलो. वाटेत सात जणांनी "धर्मबाप" म्हणून हाक मारली. मला वाटायचं, या गावातून मी नुसता चालत जातो. कोणी आपल्याला मोजतंय असं वाटलं नव्हतं कधी. घाबरलो होतो, कोमाद्रे. डुलुथ हे निमित्त होतं. पुढच्या वर्षाचं नाव घेतलं की ते हातातून जातं, असं रूथ गेल्यापासून मनात बसलंय. ते काही गेलेलं नाही. पण आता त्याच्याबरोबर मी चालू शकतो असं वाटतं.

घरी येऊन अ‍ॅस्ट्रिडला फोन केला. म्हटलं, मार्चमध्ये येत नाही. तिने विचारलं, मग कधी? मी सांगितलं, इथे एका बाळाची जबाबदारी घेतलीय, तिसरी कांदेलारिया झाली की मग विचार. ती माझ्याहून मोठी आहे आणि हिशेबात पक्की.

म्हणाली, "हार्लन, तेव्हा तू शहात्तर वर्षांचा असशील."

मी म्हणालो, "हो. असेन."

तुमचा कोंपाद्रे,
हार्लन